बहुपदीची ओळख : पदे की मूल्ये?

दोन वाक्यांचा अर्थ एक असला, तरी व्याकरण त्यांना एकच वाक्य मानीत नाही. बीजगणिताच्या शालेय अभ्यासात मात्र उलट सवय जडते. दोन बहुपदींची मूल्ये सर्वत्र जुळली, की त्या एकच आहेत असे धरले जाते. परिमेय किंवा वास्तव संख्यांच्या क्षेत्रात ही सवय निर्धोक आहे. सान्त वलयात ती फसवते.

काटेकोरपणे पाहता बहुपदी म्हणजे सहगुणकांची सान्त मालिका होय. त्यातील ‘क्ष’ हे केवळ स्थान दाखविणारे चिन्ह. त्याच्या जागी संख्या घालणे ही नंतरची, वेगळी क्रिया. ५ ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या क्षेत्रात ०, १, २, ३, ४ असे पाचच घटक आहेत. फर्माच्या प्रमेयानुसार त्यांपैकी प्रत्येकाचा पाचवा घात तोच घटक असतो. म्हणजे ‘क्षचा पाचवा घात’ आणि ‘क्ष’ यांची मूल्ये सर्वत्र जुळतात; परंतु एकीची कोटी ५, तर दुसरीची १.

क्षेत्रावरील शून्येतर बहुपदीला तिच्या कोटीहून अधिक मुळे असू शकत नाहीत. (समीकरणाचे ‘मूळ’ आणि ‘मूळ संख्या’ यांचा मराठीत होणारा शब्दसंकर वाचकाने संदर्भाने सोडवावा.) वरील दोन बहुपदींच्या वजाबाकीची कोटी ५ आणि मुळेही ५, तेव्हा विसंगती कोठेच नाही. अनंत क्षेत्रात मात्र मूल्ये सर्वत्र जुळल्यास वजाबाकीला अनंत मुळे मिळतील, म्हणून ती शून्यच ठरते. या मर्यादेचा आधार असा की, क्षेत्रात दोन शून्येतर घटकांचा गुणाकार कधीही शून्य होत नाही. ८ च्या बाक्यांच्या वलयात २ आणि ४ यांचा गुणाकार शून्य होतो, आणि मर्यादा कोसळते. तेथे ‘क्षवर्ग वजा १’ या बहुपदीला १, ३, ५ व ७ अशी चार मुळे आहेत. इतकेच नव्हे, तर तीच बहुपदी (क्ष − १)(क्ष − ७) अशीही फोडता येते आणि (क्ष − ३)(क्ष − ५) अशीही.

हा भेद केवळ पांडित्याचा नव्हे. ५६१ ही संख्या ३, ११ व १७ यांचा गुणाकार आहे. तरीही ५६१ च्या बाक्यांत प्रत्येक घटकाचा ५६१ वा घात तोच घटक येतो. अशा संयुक्त संख्यांना कारमायकेल संख्या म्हणतात, आणि ५६१ ही त्यांतील सर्वांत लहान. मूल्ये पाहून परीक्षा घेणाऱ्यास ती मूळ संख्येसारखीच दिसेल. ‘क्ष अधिक १’ चा ५६१ वा घात आणि ‘क्षचा ५६१ वा घात अधिक १’ यांचीही मूल्ये तेथे सर्वत्र जुळतात. पण पहिलीचा विस्तार केल्यास क्षच्या घनाचा सहगुणक ५६१ ने भागल्यावर १८७ उरतो. दुसरीत तो शून्य आहे. मूल्यांनी लपविलेले सहगुणकांनी उघड केले.

न ही संख्या मूळ असेल, तरच ‘क्ष अधिक १’ चा न वा घात आणि ‘क्षचा न वा घात अधिक १’ या न च्या बाक्यांत बहुपदी म्हणून एक ठरतात. परंतु सारे सहगुणक तपासणे मोठ्या संख्येसाठी अशक्यप्राय आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये, दोन्ही बाजूंना ‘क्षचा र वा घात वजा १’ या बहुपदीने भागून केवळ बाक्यांची तुलना करण्याचा मार्ग घेतला. र योग्य निवडल्यास अशा मोजक्या तुलना पुरतात, हे त्यांनी सिद्ध केले. त्या सिद्धतेच्या गाभ्याशी मुळांच्या संख्येची वरील मर्यादाच आहे. ती वापरण्यासाठी न च्या एखाद्या मूळ अवयवावर रचलेल्या क्षेत्रात उतरावे लागते. कारण न च्या बाक्यांचे वलय स्वतः क्षेत्र आहे की नाही, हाच तर मूळ प्रश्न असतो.