दातांवरची जन्मतारीख

दर रविवारी सकाळी सेरंगूनहून साताऱ्याला व्हिडिओ कॉल लागतो. मागच्या महिन्यात लेक कॅमेऱ्यात बघून हसली आणि पलीकडून आई म्हणाली, "अगं, हिचे पुढचे दात किती तपकिरी दिसताहेत! गोड कमी देत जा गं." बायको काही बोलली नाही. फोन ठेवल्यावर मात्र स्वयंपाकघरात बराच वेळ नळ चालू होता.

लेक चार वर्षांची. एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, पुढे सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं. चॉकलेट तर तिला धड चावताही येत नाही. या मुलांसाठी सिंगापुरात १९५७ पासून संस्था आहे, मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली. म्हणजे विचारायला जागा आहेत. पण फिजिओथेरपी, स्प्लिंट, शाळा यांच्या धावपळीत दातांचं आम्हीच कधी विचारलं नव्हतं.

इथल्या दंतवैद्य बाईंचा पहिला प्रश्न ब्रशचा नव्हता, बाळंतपणाचा होता. किती आठवड्यांची? कावीळ किती झाली होती? श्वास कोंडला होता का? पुढच्या दुधाच्या दातांचं इनॅमल गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या आसपास तयार व्हायला लागतं आणि जन्मानंतर दीड ते तीन महिन्यांत पुरं होतं. त्या काळात ऑक्सिजन कमी पडला, बाळ फार लवकर जन्मलं किंवा कावीळ तीव्र झाली, तर मेंदूला इजा होऊ शकते, तशी इनॅमल घडवणाऱ्या पेशींनाही. म्हणून या मुलांच्या दातांवर खळगे, चरे, पांढरे-तपकिरी पट्टे जास्त आढळतात. तीव्र काविळीनंतर कधी दात हिरवटही येतात. आम्हा प्रोग्रामर लोकांना हे लगेच पटतं: दात म्हणजे लॉग फाइल, मागाहून एडिट करता येत नाही. दात वर येईस्तोवर त्या पेशी संपलेल्या असतात, इनॅमल पुन्हा तयार होत नाही.

अर्थात सगळंच जन्मावर ढकलून चालत नाही. अशा कमजोर दातांना कीड लवकर लागते. त्यात गोड सिरपची औषधं आणि तोंडात रेंगाळणारा घास. आता सिरपनंतर पाणी देतो. दिवसातून दोनदा वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट (तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी). तिला थुंकता येत नाही, म्हणून फेस फडक्याने पुसतो आणि ब्रश करताना डोकं मागे जाऊ देत नाही. कायमच्या पहिल्या दाढांचं इनॅमलही जन्माच्या सुमारासच सुरू होतं, त्यामुळे सहाव्या वर्षी त्या डोकावल्या की लगेच दाखवायचं ठरलंय. भारतातून इकडे येणाऱ्यांनी बाळाचं डिस्चार्ज कार्ड जपून आणावं. दंतवैद्यालाही ते लागतं, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं!

गेल्या रविवारी हे सगळं मीच आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सूनबाईकडे दे फोन."