भांडे ओळखणारे प्रतिपिंड

तुमच्या घरच्या माळ्यावर एखादी जुनी पितळी चरवी किंवा तपेले पडून असेल, तर ते खाली काढा आणि आत डोकावून पाहा. आतला पत्रा पिवळा आहे की पांढुरका? पांढुरका असेल तर ती कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर. धाराशिव, तुळजापूर, भूम, कळंब, कोणत्याही गावच्या आजीला विचारा. कल्हईवाला भात्याने विस्तव फुलवून भांडे कसे तापवी, नवसागराची पूड टाकून कथलाची कांडी कशी फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने पुसताच भांडे चांदीसारखे कसे लखलखे, हे ती रंगवून सांगेल. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हेही तिला ठाऊक असते. कळकते म्हणजे काय, तर आंबट पदार्थात तांबे उतरते. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण आहे.

दूध आंबट नसते, त्यामुळे त्याच्याविषयी फारशी कुणाला शंका येत नसे. तिथेच घात झाला.

सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलांना होणारा यकृताचा एक आजार आपल्या देशात पूर्वी बराच आढळे. त्याला भारतीय बालयकृतकाठिण्य म्हणतात. पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण होई, पुढे कावीळ होई आणि बहुतेक मुले दगावत. एकाच घरात दोन-दोन मुले जात, म्हणून हा आनुवंशिक दोष असावा असे अनेकांना वाटे. 1979 मध्ये या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण फार मोठे असल्याचे प्रसिद्ध झाले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात तांबे साधारण 50 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या मुलांत ते त्याच्या कितीतरी पट भरले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मग या मुलांच्या घरची दुधाची भांडी तपासली. 1983 मध्ये त्यांनी दाखवून दिले, की पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात तापवलेले व ठेवलेले दूध तांबे शोषून घेते. दुधातले केसीन नावाचे प्रथिन ते धरून ठेवते. आईच्या दुधाऐवजी हे दूध लवकर सुरू केलेल्या बाळांच्या पोटात हे तांबे रोज जात होते.

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच नव्हता. ऑस्ट्रियातील टिरोल या डोंगराळ भागात 1900 ते 1974 या काळात 138 बालके अशाच आजाराने गेली, आणि तिथेही तांब्याचीच भांडी होती. तिथली भांडी बदलली, आपल्याकडेही स्टील आले, आणि दोन्हीकडचा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

आता डॉक्टरांची अडचण पाहा. यकृतात तांबे साठण्याचा आणखी एक आजार आहे. त्याचे नाव विल्सनचा आजार. 1912 मध्ये सॅम्युअल किनिअर विल्सन यांनी त्याचे वर्णन केले. तो भांड्यातून येत नाही. तो जन्मतःच असलेल्या जनुकदोषामुळे होतो. दोन्हींत यकृतात तांबे असतेच, मग कोणता आजार कोणता हे कसे ओळखावे? इथे आपल्या रक्तातले एक निळे प्रथिन उपयोगी पडते.

1948 मध्ये स्वीडनमधील होल्मबर्ग आणि लॉरेल यांनी रक्तद्रवातून ते वेगळे काढले. त्याचे नाव सेरुलोप्लाझ्मिन. नावातला 'सेरुलो' हा भाग आकाशी निळ्या रंगासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला आहे. त्याच्या एका रेणूत तांब्याचे सहा अणू बसवलेले असतात, आणि निळा रंग त्यांचाच. हे प्रथिन यकृतात तयार होते. रक्तद्रवातले बहुतेक सगळे तांबे त्याच्यातच असते. एक छोटे गणित करून पाहा. या प्रथिनाचा रेणुभार सुमारे 1,32,000 आणि तांब्याचा अणुभार 63.5 आहे. शंभर मिलिलिटर रक्तद्रवात 30 मिलिग्रॅम सेरुलोप्लाझ्मिन असेल, तर त्यात तांबे किती? उत्तर 90 मायक्रोग्रॅमच्या जवळपास यायला हवे.

विल्सनच्या आजारात यकृताला या रिकाम्या प्रथिनात तांबे भरता येत नाही, आणि जादा तांबे पित्तावाटे बाहेरही टाकता येत नाही. रिकामे प्रथिन रक्तात फार काळ टिकत नाही, लवकर मोडते. म्हणून या रुग्णांच्या रक्तात सेरुलोप्लाझ्मिन बहुधा कमी सापडते. हे 1952 मध्ये लक्षात आले. भांड्यातल्या तांब्याने आजारी पडलेल्या बाळांत मात्र ते नेहमीइतके किंवा जास्तच असते, कारण त्यांच्या यकृताला प्रथिनात तांबे भरता येत होते. त्याच्यावर तांब्याचा भारच अती पडला होता.

म्हणजे सेरुलोप्लाझ्मिन मोजता आले पाहिजे. पण शंभर मिलिलिटर रक्तद्रवात सहा ते आठ ग्रॅम निरनिराळी प्रथिने असतात आणि त्यांत हे जेमतेम 20 ते 40 मिलिग्रॅम. एवढ्या गर्दीतून नेमके हेच कोण हुडकून काढणार?

हे काम शेळी करते! धाराशिव जिल्ह्याचे नाव 'उस्मानाबादी' या काळ्या, बहुधा जुळी देणाऱ्या शेळीमुळे दूरवर पोचले आहे, म्हणून शेळीचेच उदाहरण घेऊ. ससे आणि मेंढ्याही चालतात. माणसाच्या रक्तातून शुद्ध केलेले सेरुलोप्लाझ्मिन थोडे थोडे, काही आठवड्यांच्या अंतराने शेळीला टोचतात. शेळीचे स्वतःचे सेरुलोप्लाझ्मिन असतेच. आपल्या आणि तिच्या प्रथिनांचे बरेच भाग सारखे असतात. त्यांच्याविरुद्ध ती सहसा काही करत नाही. जे भाग वेगळे, ते मात्र तिला परके वाटतात, आणि ती त्यांना चिकटणारी प्रतिपिंडे तयार करते. मग तिचे थोडे रक्त काढून त्यातली प्रतिपिंडे वेगळी करतात. शेळी पुन्हा चरायला मोकळी. टोचलेले प्रथिन पुरेसे शुद्ध नसले तर दुसऱ्याच प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडेही त्यात येतात. ती निवडून काढून टाकावी लागतात. धान्य निवडण्यासारखेच हे किचकट काम आहे. 1975 मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे पेशींकडून प्रयोगशाळेत बनवून घेण्याची युक्ती काढली. त्यानंतर शेळीशिवायही काम होऊ लागले.

मोजण्याची एक जुनी पद्धत इतकी देखणी आहे, की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आगर नावाच्या, जेलीसारख्या पदार्थात ही प्रतिपिंडे मिसळून काचेवर पातळ थर ओततात. त्यात बारीक छिद्रे पाडून प्रत्येकात रुग्णाच्या रक्ताचा पाणीदार भाग, म्हणजे रक्तरस, मोजून घालतात. सेरुलोप्लाझ्मिन छिद्रातून चारी बाजूंना पसरू लागते. वाटेत भेटलेली प्रतिपिंडे त्याला धरतात आणि त्यांची पांढरट साय जमते. दोन-तीन दिवसांत छिद्राभोवती एक गोल वलय उमटते. प्रथिन जास्त तर वलय मोठे. व्यासाचा वर्ग प्रथिनाच्या मात्रेबरोबर सरळ रेषेत वाढतो. ठाऊक मात्रांची तीन वलये शेजारी ठेवून आलेख काढला, की चौथ्याचे उत्तर पट्टीने वाचता येते. मोजण्याची ही रीत मँचिनी यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केली. बऱ्याच प्रयोगशाळांत आता यंत्र त्याच सायीचा गढूळपणा प्रकाशाने काही मिनिटांत मोजते.

इथे एक फसगत आहे, आणि शिक्षकांनी ती मुलांना आवर्जून सांगावी. प्रतिपिंड प्रथिनाचा बाहेरचा आकार ओळखते. आत तांबे आहे की नाही, हे त्याला कळत नाही. भरलेली कळशी आणि रिकामी कळशी त्याच्या लेखी सारखीच. त्यामुळे विल्सनच्या एखाद्या रुग्णात रिकामे प्रथिनही मोजले जाऊन आकडा जवळजवळ निरोगी माणसासारखा येऊ शकतो. शिवाय अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला, किंवा स्त्री गरोदर असली, तर सेरुलोप्लाझ्मिन वाढते. म्हणजे आजार असूनही आकडा तो झाकून टाकतो. उलट नवजात बाळात ते स्वभावतःच कमी असते, तिथे आकडा विनाकारण घाबरवतो.

यावर उपाय म्हणून दुसरी चाचणी करतात. तांबे भरलेले सेरुलोप्लाझ्मिन हे एक विकरही आहे. ठरावीक रंगहीन पदार्थांचे ते ऑक्सिडीकरण करते आणि रंग उमटतो. रिकाम्या प्रथिनाला हे जमत नाही. दोन्ही चाचण्यांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, की कळशी रिकामी असल्याचा संशय घ्यायचा. मग लघवीतले चोवीस तासांतले तांबे मोजायचे, डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट कडे दिसते का ते पाहायचे. एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा आजार बहुधा शाळकरी आणि तरुण वयात डोके वर काढतो. चांगले अक्षर असलेल्या मुलाचे अक्षर काही महिन्यांत बिघडते, हात थरथरतो, बोलणे जड होते, अभ्यासातले लक्ष उडते. वर्गात अशा मुलाला आळशी ठरवून बोलणी बसतात. काहींना केवळ कावीळ होते आणि ती बरी होत नाही. वेळेवर ओळखले तर पेनिसिलामिनसारख्या औषधांनी तांबे लघवीवाटे बाहेर काढता येते, जस्ताच्या औषधाने ते आतड्यातच अडवता येते, आणि मूल शाळेत परत येते. औषध मात्र जन्मभर घ्यावे लागते. उशीर झाला तर यकृत किंवा मेंदू कायमचा बिघडतो. एका मुलात हा आजार सापडला, तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून काहीही त्रास नसला तरी त्या भावंडांचीही तपासणी करतात.