विंचवाचे बिऱ्हाड आणि आमचे

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण वर्गात समजावून सांगताना मी आजवर विंचवाची कीव करीत आले. बिचाऱ्याला घर नाही, दार नाही! पण २०२२ ते २०२५ या तीन वर्षांत दोन वेळा बिऱ्हाड हलवल्यावर मला त्या प्राण्याचा हेवा वाटू लागला आहे. त्याला माळा नसतो, आरशाचे कपाट नसते, आणि ‘मॅडम, हे आधी बोलला नव्हतात’ असे त्याला कोणी ऐकवीत नाही.

सदाशिव पेठेतली आमची इमारत जुनी. तीन जिने, लिफ्ट नाही. २०२२ साली ती पुनर्विकासाला गेली आणि आम्हांला कर्वेनगरात भाड्याची जागा घ्यावी लागली. अंतर जेमतेम पाच किलोमीटर. बिल्डरने सामान नेण्या-आणण्याचे म्हणून एकरकमी २५,००० रुपये दिले. मी तीन पॅकर्सवाल्यांना फोन केले आणि ‘टू बीएचके, पेठेतून कर्वेनगर’ एवढेच सांगितले. एकजण १३,००० म्हणाला, दुसरा ९,०००, तिसरा ७,५००. आमच्या यांनी जागच्या जागी गणित मांडले. जाऊन-येऊन पंधरा हजार, म्हणजे दहा हजार शिल्लक! त्यात सासूबाईंना नवा मिक्सर येणार होता. मीही मान डोलावली. मराठीची प्राध्यापिका झाले म्हणून काय झाले, स्वस्त म्हटले की माझेही भान सुटते.

दिवस ठरला ३१ मे. सकाळी गाडी आली ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली. आत वळेना. तिथपासून चार हमालांची ये-जा सुरू झाली. दुपारी बारापर्यंत खोल्या रिकाम्या झाल्या आणि मग एकाची नजर माळ्याकडे गेली. माळ्यावर काय नव्हते? दिवाळीचे आकाशकंदील, तांब्याचा बंब, मुलाचा पाळणा, माझ्या एम.ए.च्या वह्या आणि पुस्तकांची बारा खोकी. गाडी तर भरलेली! मुकादमाने वही काढली. माळ्याचे सामान आणि त्यासाठी दुसरा ‘छोटा हत्ती’ ३,०००, तीन जिन्यांचे १,५००, गल्लीतून लांब वाहून नेल्याचे १,०००, कपाट खोलून पुन्हा जोडायचे ८००. सगळे मिळून १३,८००.

“आणि पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा,” तो म्हणाला. “२,४८४ होतील. बिल नको असेल तर राहू द्या.”

आम्ही राहू दिले. तेवढीच बचत!

कर्वेनगरात कपाट उघडले तर आरसा उभा तडकलेला. १९६८ साली सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेले सागवानी कपाट ते. त्या काही बोलल्या नाहीत, पदराने काच पुसत राहिल्या. मी फोन केला तेव्हा पलीकडून एकच प्रश्न आला, “बिल नंबर सांगा.” त्यापुढे बोलण्यासारखे काही उरलेच नाही.

पुढे शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले, की त्या मुकादमाने मागितलेल्या पैशांत खोटा असा एकही पैसा नव्हता. तीन जिने होतेच, आणि मे महिन्याच्या उन्हात फ्रीज पाठीवर घेऊन ते उतरणाऱ्या मुलाच्या कष्टाला ५०० रुपये मजला जास्त म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही. माळाही होताच. चीड आली ती वेळेची. अर्धा संसार गाडीत आणि आम्ही रस्त्यावर, अशा वेळी घासाघीस कशी करणार? पण फोनवर मी सांगितले होते काय? ‘टू बीएचके’! दोन खोल्यांत एका शिक्षकाचा संसार मावतो आणि एका भांडीवाल्याचे दुकानही. त्या ७,५०० च्या आकड्याला आमच्या घराची काहीच माहिती नव्हती, कारण मी दिलीच नव्हती.

म्हणून २०२५ च्या आरंभी नव्या इमारतीचा ताबा मिळाला तेव्हा मी आधी शंभर पानी वही आणली. पैशांचा हिशेब नंतर, आधी सामानाचा. एकेका खोलीत बसून लिहीत गेले. दिवाणाच्या पोटातले, दारामागचे, गॅलरीतल्या कुंड्या, चपलांचे कपाट, आणि सर्वांत आधी माळा. दोन संध्याकाळी गेल्या. यादी करता करता आणखी एक गोष्ट होते, ती म्हणजे वस्तूकडे पाहून ‘हिला न्यायला किती आणि हिची किंमत किती?’ असा प्रश्न पडू लागतो. जुना सोफा असाच बाद झाला. पुस्तकांची चार खोकी ग्रंथालयाला दिली. पाटा-वरवंट्यापाशी मात्र मी अडले.

“आई, मिक्सर आहे ना आता?”

“तुझ्या यादीत नको लिहूस. मी रिक्षातून नेईन,” सासूबाई म्हणाल्या. मी मुकाट्याने लिहिला.

यादी हाती घेऊन दोघा पॅकर्सवाल्यांना घरीच बोलावले. हल्ली मोबाइलवर व्हिडिओ दाखवूनही अंदाज देतात, पण समोर उभा असलेला माणूस दाराची रुंदी पाहतो, लिफ्टमध्ये कपाट मावेल का ते पाहतो, गाडी कुठे लागेल ते विचारतो. दोन्हीकडचा मजला, दोन्हीकडची लिफ्ट आणि गाडीपासून दारापर्यंतचे अंतर त्यांना आधी सांगितले आणि अंदाजपत्रकात लिहून घेतले. सगळे बांधून नेण्याचे १५,००० होत होते. कपडे, पुस्तके, डबे आम्ही भरायचे आणि काच, टीव्ही, फर्निचर त्यांनी बांधायचे, असे ठरवल्यावर ११,००० झाले. वाण्याकडून खोकी आणली, चादरी आणि जुन्या साड्या भांड्यांमध्ये घातल्या. पुस्तकांना लहानच खोकी घ्यावीत. मोठ्या खोक्यात ती भरली की खोके उचलत नाही, आणि उचललेच तर बूड सुटते.

दिवसाचाही हिशेब असतो. भाड्याची घरे बहुतेक एक तारखेपासून सुरू होतात, त्यामुळे महिनाअखेरीला आणि शनिवार-रविवारी गाड्यांना मागणी फार. मला मधल्या आठवड्यातल्या बुधवारी, १२ फेब्रुवारीला, अडीच हजार कमी सांगितले. पण हे सर्वांना लाभते असे नाही. आमचे भाडे २४,००० होते, म्हणजे दिवसाला आठशे. अडीच हजार वाचवण्यासाठी कोणी पंधरा दिवस दोन्ही जागांचे भाडे भरले, तर त्या बचतीत तीन दिवसच निघतील आणि बाकीचे पदरचे जातील. आमचे भाडे बिल्डर भरत होता आणि नवी जागा हाती आली होती, म्हणून जमले.

आता नुकसानीची गोष्ट. पॅकर्सवाले ‘इन्शुरन्स’ म्हणून जे सांगतात, ते पुष्कळदा त्यांचेच जोखमीचे आश्वासन असते. खरा विमा असेल तर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसीचा कागद दाखवा म्हणावे. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे. मालाची जास्त किंमत आधी जाहीर केली नसेल, तर त्या कायद्याच्या नियमांप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. दावा लावायचा तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. हे सगळे कागदावर चालते. बिल्टी नाही, बिल नाही, तर आम्ही कोण आणि ते कोण! मी टीव्ही, फ्रीज, धुलाईयंत्र आणि ते कपाट यांची मिळून ८०,००० किंमत लिहून दिली आणि दीड टक्क्याप्रमाणे १,२०० भरले. ११,००० आणि १,२०० वर १८ टक्के कर २,१९६. एकूण १४,३९६, पक्क्या बिलाने. विसार हजाराचाच दिला, बाकी सामान उतरून मोजल्यावर.

या आकड्याशेजारी वहीत आणखी एक रकाना होता. एसी उतरवून पुन्हा बसवायचे २,५००, कारण पॅकर्सची माणसे तो उचलतात, जोडत नाहीत. गिझर आणि पाण्याचे यंत्र १,४००. सोसायटीला लिफ्ट वापरण्याचे १,०००. चहापाणी आणि हमालांना खुशाली १,०००. अडीअडचणीला २,०००. बेरीज २२,२९६. भरलेला गॅस सिलिंडर गाडीत घेत नाहीत, त्याची व्यवस्था एजन्सीकडून आधीच केली.

सामान दुपारी तीनला लागले. चारही हमालांनी खोके खोक्याच्या नंबराप्रमाणे खोलीत ठेवले. दोन गोष्टी तरीही चुकल्या. पहिल्या दोन दिवसांचे जेवण मी धरलेच नव्हते. स्वयंपाकघर लागेपर्यंत डबा मागवण्यात अडीअडचणीतले १,३०० गेले. आणि सासूबाईंनी स्वतः भरलेल्या खोक्यात लोणच्याची बरणी फुटली. मुकादम सौजन्याने म्हणाला, “आजी, आम्ही बांधलेलं असतं तर भरून दिलं असतं. मालकानं भरलेल्या खोक्याचं आम्ही धरत नाही.” अंदाजपत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात तसे होतेही. तेवढेच मी वाचले नव्हते. तेल मुरलेली चादर दोनदा धुतली तरी तिचा वास गेला नाही.

एकूण खर्च २१,५९६. पहिल्या वेळचे १३,८०० आणि एसीचे २,२०० वजा जाता बिल्डरच्या रकमेतले ९,००० उरले होते. म्हणजे पदरचे १२,५९६ गेले. “पहिल्यापेक्षा महाग पडलं,” आमचे हे म्हणाले. पडले खरेच. पण गल्लीच्या तोंडाशी उभे राहून कोणाला ‘नाही’ म्हणता येत नाही अशी दुपार या वेळी आली नाही, आणि कपाट अखंड पोचले.

पाटा-वरवंटा गॅलरीत तुळशीजवळ आहे. मागच्या आठवड्यात ती वही पुन्हा उघडली, तेव्हा शेवटच्या पानावर सासूबाईंच्या अक्षरात एक नोंद दिसली : ‘कपाटाचा आरसा, बसवून, रु. १,८५०. माझ्या पेन्शनीतून.’