मेणबत्तीचा तुकडा आणि निळीचे पाणी

खराडीत आमच्या घरी दर रविवारी वस्तीतली पाच-सात लहान मुले चित्रे काढायला जमतात. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी आहे. आई आय.टी. पार्कमध्ये साफसफाईच्या कामाला, वडील बिगारी. पहिल्या दिवशी ती दाराशीच उभी राहिली. आत ये म्हटले, तर म्हणाली, "माझ्याकडे रंगपेटी नाही. पेटी नसेल तर चित्राच्या तासाला मागं बसायचं असं बाईंनी सांगितलंय. मला चित्र येत पण नाही."

कोणत्या बाई, कोणती शाळा, ते इथे नको. पण सहा वर्षांच्या लेकराने "मला येत नाही" असे ठरवून टाकावे, हे माझ्या मनाला फार लागले.

घरात वंदनेच्या मेणबत्तीचा बोटाएवढा तुकडा उरला होता. तो तिच्या हातात दिला. पांढरी मेणबत्ती, पांढरा कागद. काढलेले काहीच दिसेना. वाटीभर पाण्यात कपड्यांच्या निळीचे थोडे थेंब टाकले आणि कापसाच्या बोळ्याने कागदावर फिरवायला सांगितले. सारा कागद निळा झाला, चित्र काही उमटले नाही. पोरीचा चेहरा पडला. चूक माझी होती. मेणबत्ती दाबून फिरवायची, हे मी सांगितलेच नव्हते. दुसऱ्या कागदावर तिने जीभ बाहेर काढून, जोर लावून रेघा ओढल्या. बोळा फिरला आणि निळ्यात पांढरे चक्र उभे राहिले, विहारावरच्या झेंड्यासारखे. आऱ्या चोवीस नव्हत्या, अकराच होत्या!

कागदाचे तंतू पाणी पितात, मेण पाण्याला जवळ करत नाही, एवढेच यातले शास्त्र. मात्र कागद जाड ड्रॉइंगचा घ्यावा. वहीचे पान भिजून फाटते आणि कॅलेंडरची गुळगुळीत बाजू रंग पीत नाही.

पिंपळाचे पान शिरांची बाजू वर करून कागदाखाली ठेवा आणि मेणबत्ती आडवी धरून वरून घासा. उंच शिरांवरच मेण बसते. वरून निळीचा हात दिला की पानाची सगळी जाळी पांढरी उमटते. हे मात्र मोठ्यांनाही सोडवत नाही. निळीऐवजी हळदीचे पाणी किंवा चहाचा कोरा अर्क चालतो. हळदीचा कागद वाळल्यावर त्यावर कपड्यांच्या साबणाचे पाणी लावले तर पिवळ्याचा तांबूस रंग होतो. चुन्याने हळदीचे कुंकू होते, तोच हा प्रकार.

हीच युक्ती कापडावर केली की तिला बाटिक म्हणतात. कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढतात, कापड रंगात बुडवतात आणि नंतर मेण काढून टाकतात. इंडोनेशियातल्या जावा बेटाची ही कला प्रसिद्ध आहे. रवींद्रनाथ टागोर १९२७ साली तिकडे गेले होते आणि पुढे शांतिनिकेतनात बाटिक रुजले. उज्जैनजवळच्या भैरूगढला आजही कारागीर हे काम करतात. इंडोनेशियाच्या बाटिकची युनेस्कोने २००९ साली अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. पण मातांनो, गरम मेण लहान मुलांच्या हाती देऊ नका. त्यांच्यासाठी विझलेली, थंड मेणबत्तीच बरी. नीळ तोंडात जाणार नाही हे पाहा आणि अंगात जुने कपडे घाला, कारण हळदीचा डाग लवकर निघत नाही.

परवा मुलांना म्हटले, आपल्या खराडीतले काहीही काढा. कुणी नदी काढली, कुणी क्रेन. या मुलीने नगर रस्ता काढला. १ जानेवारीला भीमा-कोरेगावला निघालेली माणसे, त्यांच्या हातात झेंडे, आणि वडिलांच्या खांद्यावर बसलेली एक मुलगी. निळीचा हात फिरताच सगळे एकदम उमटले. संध्याकाळी कामावरून आलेल्या आईने ते चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, "यात मी कुठंय?"

पोरीने पुन्हा मेणबत्तीचा तुकडा उचलला, पण रंग बसलेल्या कागदावर आता तो चालेना. शेवटी तिने नवा कागद मागून घेतला.