म्हाताऱ्या विहिरीवर उपाय कोणता?



चैत्र संपत आला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात विहिरीचा विषय निघाल्याशिवाय पारावरची बैठक उठत नाही. कुणी आडवे बोअर मारा म्हणतो, कुणी उभे मारा म्हणतो, कुणी सुरुंग लावून आणखी दोन परस खाली जा म्हणतो. सल्ला देणारे पुष्कळ, विहिरीत उतरून पाहणारा एखादाच.

आज मी तुम्हांला एका निराळ्या विहिरीची हकिकत सांगणार आहे. ती पाण्याची नव्हे, तेलाची. पाकणीच्या डेपोतून टँकर पंपावर येतो आणि आपल्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल पडते, एवढे आपण पाहतो. पण देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातील शंभरातले ऐंशीहून अधिक भाग परदेशातून विकत आणावे लागतात. उरलेले आपल्या विहिरी देतात आणि त्यांतील कित्येक आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांना पुन्हा दुभत्या कसे करतात, हे समजून घेतले तर आपल्या विहिरीपुढे उभे राहताना उपयोगी पडेल.

खडकात अडकलेले तेल

जमिनीखाली तेलाचे तळे असते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नसते. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत भरलेले असते. काळ्या रानात ज्वारी सुकू लागते, त्या दिवशी मातीत पाणी नसते काय? असते. ढेकूळ फोडून तव्यावर तापवले तर वजन घटते. परंतु मातीच्या कणांनी ती ओल इतकी घट्ट धरलेली असते की मुळांना ती ओढवत नाही. तेलाचेही तसेच आहे.

नवी विहीर असते तेव्हा खडकातील दाब तेलाला आपोआप वर ढकलतो. दाब ओसरला की दुसऱ्या विहिरींतून पाणी किंवा वायू आत दाबून तेल पुढे लोटतात. एवढे करूनही बहुतेक ठिकाणी शंभर घागरींपैकी साठ-पासष्ट घागरी तेल खडकातच राहते. ते काढण्यासाठी जे खास उपाय करतात, त्यांचीच आज ओळख करून घेऊ.

आपले मुंबई हाय

महाराष्ट्राला जवळचे उदाहरण मुंबई हायचे. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, समुद्राच्या तळाखाली, १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’वरून खोदताना तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९८४ पासून खडकात पाणी दाबण्यास सुरुवात झाली. त्या दशकाच्या मध्यास उत्पादन शिगेला पोहोचले आणि पुढे उतरू लागले.

तेव्हा काय केले? २०००-०१ पासून या क्षेत्राच्या पुनर्विकासाचे काम ओएनजीसीने हाती घेतले. त्यात नव्या विहिरी तर घेतल्याच, पण कित्येक जुन्या विहिरींतूनच बाजूला नव्या वाटा काढल्या आणि तेल मागे राहिलेल्या थरांत आडव्या विहिरी नेल्या. आपण विहिरीत आडवे बोअर मारतो तोच विचार! २०२५ च्या जानेवारीत बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक साहाय्यासाठी नेमण्यात आले. थकलेल्या क्षेत्राकडे पाठ न फिरवता त्याची पुन्हा तपासणी करणे पन्नास वर्षांनंतरही चालूच आहे.

औषधे अनेक, रोगी वेगळे

तेल दाट असेल तर उष्णता हवी. थिजलेले तूप आपण उन्हात ठेवतो ना? उत्तर गुजरातेत मेहसाण्याजवळ बलोल व संथाल येथील तेल असेच दाट आणि चिकट. तेथे खडकात हवा दाबून आतले थोडे तेल जमिनीखालीच जाळतात. त्या उष्णतेने उरलेले तेल पातळ होऊन विहिरीकडे सरकते. बलोलला १९९० मध्ये लहान प्रमाणावर प्रयोग झाला आणि १९९७ मध्ये मोठे काम सुरू झाले. सात वर्षे आधी पारख केली, हे लक्षात ठेवा.

काकवीच्या भांड्यात पाणी ओतले तर पाणी काकवीला पुढे ढकलत नाही. स्वतःच वाट काढून पुढे पळते. राजस्थानात बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्रात पाण्याची अशीच खोड. २००४ मध्ये सापडलेल्या या क्षेत्रात २००९ ला उत्पादन सुरू झाले आणि २०१४ च्या सुमारास पाण्यात पॉलिमर मिसळण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. पाणी कांजीसारखे दाटसर झाले की ते तेलाला सरळ रेटते.

कुठे साबणासारखी द्रव्ये व क्षार सोडून खडकाला चिकटलेले तेल सोडवतात, जसे आपण तेलकट भांडे धुतो. गुजरातेत विराज येथे तसा प्रयोग झाला. परंतु जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. खारे पाणी, चुनखडीचा खडक आणि आतील उष्णता असली की ही महागडी द्रव्ये वाया जाण्याची भीती मोठी. मुंबई हायचा खडक चुनखडीचा, त्यात समुद्रातील फलाटावर जागा अपुरी. म्हणून मंगलाचे औषध तेथे जसेच्या तसे चालत नाही.

खोल आणि हलक्या तेलाला कार्बन डायऑक्साइड वायू मानवतो. तो तेलात मिसळून त्याला पातळ करतो. पण वायू जवळपास मिळाला पाहिजे. भरूचजवळील गंधार क्षेत्रासाठी कोयालीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातील वायू वापरण्याचा करार २०१९ मध्ये झाला, तो याच कारणाने.

शेवटचा उपाय ऐकून आपल्या ऊसवाल्यांना नवल वाटेल. उष्णता सोसणारे जिवाणू विहिरीत सोडून त्यांना खाद्य देतात. ते वायू, आम्ल व साबणासारखी द्रव्ये तयार करून तेल मोकळे करतात. या कामी जिवाणूंचे खाद्य म्हणून जगात पुष्कळ ठिकाणी साखर कारखान्याची मळी, म्हणजे मोलॅसिस, वापरली गेली आहे. आपल्याकडे ओएनजीसी व टेरी यांनी अशा कामांसाठी २००७ मध्ये संयुक्त कंपनी काढली.

निवड कशी करतात?

आधी प्रश्न विचारतात: खडक वाळूचा की चुन्याचा? तेल पातळ की दाट? खोली, उष्णता, खारटपणा किती? तेल खरोखर शिल्लक आहे काय, आणि कोणत्या थरात? मग प्रयोगशाळेत खडकाच्या तुकड्यावर पारख, नंतर चार-दोन विहिरींवर प्रयोग आणि सर्वांत शेवटी मोठा खर्च. वाढीव तेलाची किंमत खर्चापेक्षा कमी भरत असेल, तर उपाय कितीही नामी असला तरी सोडून देतात.

माझी चूक

हे मी इतके आग्रहाने का सांगतो? नोकरीच्या सुरुवातीला सांगोल्याकडच्या एका गावी एका शेतकऱ्याने मला विचारले, “साहेब, आडवे बोअर मारू का?” शेजारच्या विहिरीला त्याने पाणी वाढले होते. मी काठावरूनच म्हणालो, “मारा.” त्याने बायकोच्या पाटल्या मोडल्या. तीन बोअर मारली, तिन्ही कोरडी गेली. पुढे उन्हाळ्यात विहीर उपसली, तेव्हा तळाशी पुरुषभर गाळ निघाला आणि त्याखाली जुना झरा बुजलेला होता. गाळ काढायला पाटल्या मोडाव्या लागल्या नसत्या. त्या माउलीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण तिचे रिकामे हात मी अजून विसरलो नाही.

तेव्हा विहिरीवर पैसा घालण्यापूर्वी एवढे अवश्य करा:

१. सकाळी पाण्याची पातळी मोजा. मोटर चालवून पाणी उपसा आणि पातळी पुन्हा भरण्यास किती वेळ लागतो ते वहीत लिहा. चार महिने हे करा.

२. गाळ किती आहे ते पाहा. झरे कोणत्या बाजूने व कोणत्या थरातून येतात, त्याची खूण करा.

३. आसपासच्या विहिरींची पातळीही उतरली असेल तर दोष तुमच्या विहिरीचा नाही. तेथे पुनर्भरण आणि ठिबक हाच विचार करावा.

४. आडवे बोअर घ्यायचेच तर पाझरणाऱ्या मुरमाच्या थरात घ्यावे, अखंड काळ्या पाषाणात नव्हे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या सोलापूर कार्यालयात आधी विचारावे.

५. वाढीव पाण्यावर किती पीक भिजेल व किती रुपये येतील, याचा हिशेब घरातील बाईमाणसांना बरोबर घेऊन मांडावा.

मोठ्या कंपन्या कोट्यवधी खर्चण्यापूर्वी वर्षानुवर्षे पारख करतात. आपल्याकडे तर एकच विहीर आणि घरातला एकच दागिना असतो. मग आपण चार महिने थांबून पाहायला काय हरकत आहे?