आधीचा डिझायनर, नवा सल्लागार आणि एकच वेबसाइट

वेबसाइट सुधारायला बाहेरचा सल्लागार नेमला म्हणजे आधीच्या डिझायनरचे काम संपले, हा समज ग्राहकालाच महागात पडतो. कोणते प्लगइन कशासाठी बसवले, चौकशीचा फॉर्म कोणत्या ईमेलला जोडला आहे, हे सहसा कुठेच लिहून ठेवलेले नसते. ते डिझायनरच्या डोक्यात असते. त्याला वगळले की तेच हुडकण्यात सल्लागाराचा वेळ जातो आणि त्याचे पैसे ग्राहक भरतो.

साइट मंद उघडते म्हणजे डिझायनरचे काम कच्चे, असेही सर्रास धरले जाते. पानावरचा सर्वांत मोठा घटक 2.5 सेकंदांच्या आत दिसावा, हा गूगलचा निकष. तो चुकण्याचे कारण पुष्कळदा स्वस्त होस्टिंग असते, किंवा ग्राहकाने मोबाइलवरून जसेच्या तसे चढवलेले पाच-पाच एमबीचे फोटो. आधी मोजावे, मग बोलावे.

‘एवढासा तर बदल, चालू साइटवरच करून टाकू’ हा समज सर्वांत घातक. वर्डप्रेसच्या मूळ थीमच्या फाइलीत केलेला बदल थीमच्या पुढच्या अपडेटमध्ये पुसला जातो. तो चाइल्ड थीममध्येच करायचा असतो. पानाचा पत्ता बदलला, तर जुन्या पत्त्यावरून 301 रीडायरेक्ट द्यावे लागते आणि ते किमान वर्षभर ठेवावे, असे गूगल सांगते. म्हणून बदल आधी साइटच्या चाचणी प्रतीवर करावेत. मात्र त्या प्रतीत सर्च इंजिनांना मज्जाव करणारी खूण केलेली असते. प्रत चालू करताना ती काढायची राहिली, तर साइट हळूहळू शोधातून नाहीशी होते. ही खूण कोण काढणार, हे दोघांनी आधीच ठरवलेले बरे.

सोयीसाठी एकच पासवर्ड दोघांत वापरणेही चूक. मजकूर सुधारणाऱ्याला वर्डप्रेसमध्ये ‘एडिटर’चे अधिकार पुरतात आणि लॉगिन वेगळे असले की मजकुरात कोणी काय बदलले ते कळते. गूगलच्या सर्च कन्सोलमध्येही मालकाला वेगळा वापरकर्ता जोडता येतो.

राहिला मालकीचा प्रश्न. बिल चुकते केले म्हणून सगळे हक्क ग्राहकाकडे येत नाहीत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेल्या कोडचे हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतात; ते मिळवायला सहीनिशी लेखी हस्तांतरण लागते. डोमेनचे वेगळे: ते ज्याच्या नावावर नोंदलेले, त्याच्या ताब्यात. त्यामुळे डोमेनची नोंद ग्राहकाच्या नावावर आहे का, हे सुधारणा सुरू होण्यापूर्वीच तपासावे लागते.