गावसकर की तेंडुलकर? एका न संपणाऱ्या वादाची मीमांसा



विषय जाहीर झाल्यावर काही जणांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञानाच्या माणसानं आयुष्यभर न्यायदर्शन आणि कांट शिकवायचे आणि निवृत्तीनंतर क्रिकेटवर व्याख्यान द्यायचं, हे जरा उतरणीला लागल्याचं लक्षण वाटतं खरं. पण ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या माणसानं तर्कशास्त्राचा सर्वाधिक सराव कुठं केला असेल, तर तो कॉलेजात केलेला नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये, चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, 'गावसकर मोठा की तेंडुलकर' या एका प्रश्नावर तो झालेला आहे. घाटकोपरला सुरू झालेला वाद दिव्याला तापतो, डोंबिवलीला निम्मे सभासद उतरतात आणि उरलेले तो कल्याणपर्यंत नेतात. निकाल लागलेला आम्ही तरी ऐकला नाही. इतका अभ्यास होऊनही निकाल का लागत नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पहिल्यांदा दोन वाक्यं वेगळी करू. 'मला गावसकर आवडतो' हे एक वाक्य, आणि 'गावसकर मोठा आहे' हे दुसरं. पहिल्यावर भांडण होऊच शकत नाही. मला कारल्याची भाजी आवडते, तुम्हाला नाही, विषय संपला. दुसरं वाक्य मात्र बोलणारा तुमच्याकडून संमती मागतो. कांटनं १७९० च्या आपल्या ग्रंथात हाच फरक केला आहे: रुचकर लागणं हे 'माझ्यापुरतं' असतं, पण एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हणून वर 'माझ्यापुरती' अशी पुस्ती जोडली, तर ते हास्यास्पद होतं. म्हणून 'ज्याची त्याची आवड' असं म्हणून जे गृहस्थ डब्यातला वाद मिटवू पाहतात, ते वाद मिटवत नाहीत. ते दुसरं वाक्य उचलून त्याच्या जागी पहिलं ठेवतात. दोन्ही पक्ष त्यांच्यावरच चिडतात, आणि ते योग्यच आहे.

आता 'मोठा आहे' ही प्रतिज्ञा झाली. प्रतिज्ञेला हेतू लागतो, म्हणजे कारण. डब्यात पहिला हेतू येतो तो आकड्यांचा. तेंडुलकर २०० कसोट्या, १५,९२१ धावा, ५१ शतकं. गावसकर १२५ कसोट्या, १०,१२२ धावा, ३४ शतकं. ज्याच्या धावा जास्त तो मोठा, बोला! न्यायशास्त्रात अशा हेतूची परीक्षा ठरलेली आहे. जिथं जिथं हेतू आहे तिथं तिथं साध्य आहे का, ते पाहायचं. अ‍ॅलिस्टर कुकच्या कसोटीत १२,४७२ धावा आहेत. म्हणजे गावसकरपेक्षा जास्त आणि ११,९५३ धावा करणाऱ्या ब्रायन लारापेक्षाही जास्त. कुक लारापेक्षा मोठा, असं म्हणायला तेंडुलकर पक्षाचे लोक तयार आहेत का? नाहीत. मग हेतू भरकटला. याला नैयायिक 'सव्यभिचार' म्हणतात.

यावर तेंडुलकर पक्ष काय करतो? तो हेतू बदलतो. 'धावांचं सोडा हो, शारजातली १९९८ ची ती दोन शतकं बघा!' बदलायला हरकत नाही, पण आधीचा हेतू पडला हे कबूल करून बदलायला हवं. तसं न करता गुपचूप बदलला, तर त्याला 'हेत्वंतर' म्हणतात आणि ते पराभवाच्या बावीस स्थानांपैकी, निग्रहस्थानांपैकी, एक आहे. गावसकर पक्षही धुतल्या तांदळासारखा नाही. त्यांचा आवडता हेतू असा: हेल्मेटशिवाय, वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर तेरा शतकं. ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्यातली चार शतकं १९७८-७९ च्या मालिकेतली आहेत आणि त्या वेळी वेस्ट इंडीजचे बिनीचे गोलंदाज केरी पॅकरकडे गेलेले होते. हे समोरच्यानं दाखवून दिलं की गावसकर पक्ष १९७१ वर येतो: पहिलीच मालिका, चार कसोट्या, ७७४ धावा. त्या आकड्यापुढे मात्र कुणी फारसं बोलत नाही.

आकड्यांवर इतका अविश्वास का, असं कुणी विचारील. उत्तर कल्याणातच आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलानं भंडारी करंडक शालेय स्पर्धेत एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ पासून चालत आलेला कॉलिन्सचा नाबाद ६२८ चा जागतिक विक्रम मोडला. रिक्षा चालवणाऱ्या बापाचा मुलगा. सगळ्या शहराला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण त्याच संध्याकाळी कट्ट्याकट्ट्यावर दुसरी बाजूही सुरू झाली: मैदानाची एक सीमारेषा फार जवळ होती, समोरचा संघ कच्चा होता, त्याचे दोन्ही डाव मिळून शंभरदेखील झाले नाहीत. दोन्ही म्हणणी खरी आहेत. १००९ हा आकडा शंभर टक्के खरा आहे, आणि त्यातून काय सिद्ध होतं हे तो स्वतः सांगत नाही. ते आपण ठरवतो. वाईट एवढंच, की ते ठरवण्याचं ओझं आपण त्या पोरावर टाकलं. त्याला मिळालेली शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी, धावा आटल्यावर, वडिलांनी परत केली. आमच्या मते त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठं वागणं ते होतं.

मागे एका श्रोत्यानं आम्हाला सांगितलं होतं, की क्रिकेटमध्ये खेळपट्टी, गोलंदाज, जोडीदार अशा भानगडी असतात म्हणून हे होतं. गोल्फसारख्या खेळात असा वाद उरणार नाही. तिथं समोरून कुणी चेंडू टाकत नाही. आपला चेंडू, आपली काठी, कमी फटक्यांत जो पोचेल तो जिंकला. आम्हाला हे पटलं आणि आम्ही उत्सुकतेनं बघायला गेलो. तिथं तर आमच्यापेक्षा जुनं भांडण! जॅक निकलसनं मोठ्या चार स्पर्धांपैकी १८ जिंकल्या, टायगर वूड्सनं १५. अठरा पंधरापेक्षा जास्त, हे गोल्फच्या रसिकांनाही कळतं. तरी वूड्सचे चाहते म्हणतात, २००० ची अमेरिकन ओपन त्यानं पंधरा फटक्यांच्या फरकानं जिंकली आणि २००१ मध्ये चारही किताब एकाच वेळी त्याच्या हाती होते. इतक्या उंचीवर दुसरं कोण गेलं? निकलसचे चाहते म्हणतात, १९६२ ला पहिला किताब आणि १९८६ ला, वयाच्या ४६ व्या वर्षी, शेवटचा. चोवीस वर्षं टिकून दाखवा. म्हणजे भांडण १८ आणि १५ यांचं नाहीच. उंची मोजायची की पल्ला, याचं आहे. नावं बदला, हेच भांडण आपल्या डब्यात सापडेल.

इथं एका ब्रिटिश तत्त्वज्ञाची आठवण होते. डब्ल्यू. बी. गॅली. १९५६ साली त्यांनी एक निबंध लिहिला. काही संकल्पना स्वभावतःच वादग्रस्त असतात, असं त्यांचं म्हणणं: कला, लोकशाही, सामाजिक न्याय. गंमत म्हणजे हे समजावण्यासाठी त्यांनी दृष्टान्त घेतला तो खेळाचाच. अशी एक स्पर्धा कल्पा, की प्रत्येक संघाची खेळण्याची रीत निराळी. कुणाचा भर वेगावर, कुणाचा वळणावर. विजेता गुण मोजून ठरत नाही, खेळाच्या दर्जावरून ठरतो. प्रत्येक संघाचे निष्ठावंत पाठीराखे आहेत आणि काही कुंपणावरचे आहेत, ज्यांना आपल्याकडे ओढायची सगळ्यांची धडपड आहे. 'खरे विजेते आम्हीच' असं प्रत्येक गट म्हणतो आणि प्रत्येकाकडे बरी कारणं आहेत. असा वाद मिटणार नाही. पण तो निरर्थकही नाही, कारण या चढाओढीमुळे खेळाचा दर्जा टिकतो, वाढतो. गॅलींनी बहुधा आपली लोकल पाहिली नव्हती. पाहिली असती तर दृष्टान्त कल्पावा लागला नसता.

आता अवघड भागाकडे येतो. वाद मिटत नाही हे ठीक, पण माणसं तुटतात त्याचं काय? आमच्या परिचयातले दोन गृहस्थ, एक ठाण्याचे, एक डोंबिवलीचे, वीसेक वर्षं एका डब्यातून गेले. थोरले एका बँकेत कारकून. एका पगारावर दोन बहिणींची लग्नं केली, आईचं आजारपण काढलं. त्यांचा देव गावसकर. धाकट्यानं नव्वदच्या दशकात नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढला होता. त्याचा तेंडुलकर. एके दिवशी धाकटा बोलून गेला, 'तुमचा गावसकर विश्वचषकात साठ षटकं खेळून नाबाद ३६ करतो. घाबरट खेळ!' १९७५ ची ती लॉर्ड्सची खेळी, १७४ चेंडूंची. तिचं समर्थन गावसकरांचे भक्तही करत नाहीत. थोरले एरवी हसले असते. त्या दिवशी ते गप्प झाले, दुसऱ्या दिवसापासून डबा बदलला. लोक म्हणाले, क्रिकेटवरून एवढं? आम्हाला ते क्रिकेटवरून वाटलं नाही. 'विकेट टाकायची नाही' हेच त्या माणसाचं आयुष्य होतं. 'घाबरट' हा शब्द त्यांना गावसकरविषयी ऐकूच आला नाही. आणि धाकट्यालाही, 'तुझा सचिन मॅच संपवून कधी येत नाही' असं म्हटलेलं झोंबायचंच. १९९९ ला चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध पाठदुखी सोसत १३६ केल्या, सतरा धावा हव्या असताना बाद झाला, आपण बारा धावांनी हरलो. धाडस केलं आणि काठावर राहिलं, हे धंद्यात त्यानं स्वतः भोगलेलं होतं.

आपण खेळाडू निवडतो तेव्हा जगण्यातला कुठला गुण वर धरायचा तेही निवडतो. म्हणून हेतूवरचा घाव माणसाला लागतो. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत ते इथं उपयोगी पडतात. तत्त्व कळावं म्हणून करतात तो वाद. जिंकायसाठी छल वगैरे वापरून करतात तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची, ती वितंडा. वितंडा करणारा आपल्या डब्यात हमखास असतो: त्याला कुणीच मोठं वाटत नाही. सूत्रकार जल्प-वितंडांना सरसकट हाकलत नाहीत, हे त्यांचं शहाणपण. कोवळ्या रोपाभोवती काटेरी कुंपण घालतात, तेवढ्यापुरती त्यांची परवानगी आहे. वाद मात्र ज्याच्या मनात असूया नाही, अशाच माणसाशी करावा, असं ते सांगतात. म्हणजे अट बुद्धीची नाही, मनाची आहे.

'आपला' या शब्दाचंही एक कुंपण असतं. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघच धर्मावर पाडलेले होते. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंकडून विजय मर्चंट नाबाद २५०, आणि 'रेस्ट' संघाकडून, सांगलीचे ख्रिस्ती असल्यामुळे तिथं खेळणारे विजय हजारे ३०९. संघाच्या एकूण ३८७ पैकी ३०९! भाऊ विवेकबरोबर तीनशेची भागी, त्यात भावाच्या २१. सामना हजारे हरले. मर्चंट की हजारे हा वाद आमच्या वडिलांच्या पिढीनं मनसोक्त घातला आणि त्यात फलंदाजीची चर्चा किती, पंथाची किती, हे वेगळं काढणं सोपं नव्हतं. ती स्पर्धा १९४६ नंतर बंद झाली, बरं झालं.

आपल्याकडच्या 'आपला'त असला विखार नाही. आपला म्हणजे डोंबिवलीत वाढलेला, लोकलमधून किट वाहिलेला. अजिंक्य रहाणे. ८५ कसोट्या, ५,०७७ धावा, सरासरी ३८.४६. विराट कोहलीच्या ९,२३० धावा, सरासरी ४६.८५. तरीही डोंबिवलीकर डिसेंबर २०२० काढतात. अ‍ॅडलेडला ३६ धावांत डाव आटोपलेला, कोहली मायदेशी परतलेला, आणि मेलबर्नला कर्णधार रहाणेच्या ११२. जडेजाच्या पन्नासाव्या धावेसाठी पळताना तो धावचीत झाला, आणि चिडण्याऐवजी जडेजालाच धीर देऊन तंबूत गेला. हा प्रसंग इथं धावसंख्येच्या आधी सांगितला जातो. मग कोहली पक्षाचा कुणीतरी शांतपणे विचारतो, की त्याआधी अ‍ॅडलेडला ७४ वर खेळणारा कोहली कुणाच्या हाकेवर पळाला आणि धावचीत झाला? हाक रहाणेचीच होती. डोंबिवलीकर हे नाकारत नाहीत. ते म्हणतात, म्हणूनच मेलबर्नला त्याला धावचीत होण्याची किंमत माहीत होती. हा हेतू टिकतो की नाही, ते प्रश्नोत्तरांत पाहू. समोरच्या रांगेतून दोन हात वर झालेले दिसतातच आहेत.